सातव्या दिवशी मासे स्वच्छ दिसत होते

पहाटे रात्रपाळीच्या दादांचा फोन आला. "ताई, तीन नंबरच्या टाकीतली सगळी पिल्लं पाण्याच्या धारेखाली गोळा झालीत." एवढं पुरेसं होतं. नवं पाणी पडतं तिथे मासे गर्दी करतात, तेव्हा त्यांना श्वास पुरत नसतो. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालू होता, मीटरवर विरघळलेला प्राणवायूही ठीक होता. म्हणजे पाण्यात प्राणवायू होता, माशांना तो घेता येत नव्हता. दुखणं कल्ल्यांत होतं.

टाकीत सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाची बोटुकली होती. तीन जिवंत पिल्लं त्याच टाकीच्या पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकापाशी आणली. "जिवंत" आणि "त्याच पाण्यात" हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं सांगते आहे, तरी लोक मेलेला मासा बर्फात घालून आणतात आणि रोग ओळखा म्हणतात. मासा मेला की पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी त्याला सोडून जातो. मग कातडी खरवडून हाती काय लागणार?

बारीक कात्रीने कल्ल्याच्या टोकाचा तुकडा घेतला, टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकला, वर कव्हरस्लिप ठेवली. सगळ्यात कमी ताकदीच्या भिंगाखालीच दिसले. गोल, करडे, सावकाश स्वतःभोवती फिरणारे, अंगभर रोम हलताहेत आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक. इक्थियोफ्थिरियस, तोच पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. भिंगाखाली दिसणाऱ्या एका वर्तुळात अकरा मोजले आणि मोजणं सोडून दिलं. कल्ल्यांच्या पाकळ्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या. अंगावर मात्र जेमतेम चार-पाच ठिपके.

हाच रोग याच टाकीत 18 दिवसांपूर्वी निघाला होता, आणि तो मी बरा केला असं मी धरून चालले होते.

तेव्हा थंडी होती. भिंतीवरच्या औषधांच्या तक्त्याप्रमाणे दर तीन दिवसांनी एक, असे फॉर्मॅलिन या औषधाचे तीन डोस दिले. पहिल्याच दिवशी कॅनच्या तळाशी पांढरा साका दिसला. फॉर्मॅलिन फार गारठलं की त्यातून पॅराफॉर्मॅल्डिहाइड खाली बसतं आणि ते माशांना जबर विषारी असतं. मी तो कॅन बाजूला काढून नवा मागवला. त्यासाठी अर्धा दिवस गेला, वर बोलणीही खाल्ली. आजही तो साका पुन्हा दिसला तर मी तेच करेन. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायूही खातं, म्हणून जादा एरेटर लावले. सातव्या दिवशी तिसरा डोस झाला. अंगावर एकही ठिपका नव्हता. नोंदवहीत लिहिलं, "मासे स्वच्छ."

ठिपके गेले होते, कारण परजीवी पोट भरून खाली उतरले होते. ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून वाढणारा जीव. तिथे त्याच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढला की तो माशाला सोडतो, तळाशी चिकटून स्वतःभोवती कोष करतो आणि आत विभागत जातो. एकाचे शेकडो होतात. त्या कोषालाही औषध फारसं भेदत नाही. कोषातून बाहेर पडलेली पोहणारी पिल्लं मात्र उघडी असतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. आपलं औषध लागू पडतं ते एवढ्याच काळात.

आणि हा काळ कधी येणार, ते पाण्याचं तापमान ठरवतं. 25 अंशांना सगळं चक्र आठवड्याच्या आत उरकतं. 15 अंशांच्या आसपास दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. त्याहून गार पाण्यात महिना उलटतो. आमचा तक्ता उन्हाळ्याचा होता. माझे डोस पडले तेव्हा परजीवी आधी कातडीत होते, नंतर कोषात.

तापमान मी पाहिलं नव्हतं असं नाही. नोंदवहीत रोज 19, 20 अशी नोंद होती. म्हणून त्या पहाटे थर्मामीटर घेऊन स्वतः टाकीच्या काठावर बसले आणि मागच्या नोंदी कुणी, कधी घेतल्या ते विचारलं. सहकारी दुपारी दोनला, ऊन असताना, वरच्या वर पाण्यात थर्मामीटर बुडवत होता. त्याला कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं. पण चार वर्षं काम करूनही "तळाला किती असेल?" हा प्रश्न त्याला पडला नाही, याचा मला अजून राग येतो. नोंदवहीच्या रकान्यात वेळ लिहायला जागाच नाही. ज्याने ती नोंदवही छापली त्याने कधी टाकीत हात घातला नसावा. थंडीच्या त्या आठवड्यात पहाटे तळाशी 13-14 अंशच असणार.

मग हवा पालटली, चार दिवसांत पाणी 21 वर गेलं. कोष भराभर फुटले. माशाचं शरीर पाण्याच्याच तापमानाचं असतं, थंडीत त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि पाणी तापलं तरी ती लगेच पूर्वपदावर येत नाही. परजीवी आधी पोहोचला.

आता काय करायचं यावर वाद झाला. वरिष्ठ म्हणाले, "पाणी 30 अंशांवर न्या." या परजीवीच्या बऱ्याच वाणांची वाढ त्या तापमानाला खुंटते, हे खरं आहे. पण 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 ला साडेसात. गरम पाण्यात माशाला श्वास जास्त लागतो, आणि इथे कल्लेच निकामी झालेले. फॉर्मॅलिनही त्याच कारणाने नको म्हटलं. शेवटी लहान टाकीत साठ पिल्लं घेऊन तिथलं पाणी हळूहळू तापवलं. मोठ्या टाकीत लिटरला 3 ग्रॅम मीठ आणि रोज तळाचा गाळ सायफनने काढणं. कोष गाळाबरोबर निघतात.

लहान टाकीत पहिल्या दोन रात्री पिल्लं पटापट गेली, मग मरणं थांबलं. मोठ्या टाकीत रोज थोडी थोडी, कितीतरी दिवस जात राहिली. सगळी टाकी तापवली असती तर जास्त वाचली असती की पहिल्याच रात्री सगळी गेली असती, हे मी अजून रोज मनात मांडून बघते. लहान टाकीत तुलनेने धडधाकट पिल्लं मीच निवडून नेली होती, त्यामुळे त्या दोन टाक्यांची तुलनाही धड होत नाही.

दादांनी परवा विचारलं, "ताई, मग आता औषध किती दिवस?" मी म्हटलं, दिवस नाही सांगता येणार, रोज पहाटे तळाचं तापमान सांगा. आज 17 आहे. मीठ कमी करायची तारीख मी पेन्सिलीने लिहिली आहे.