हातचे दोन

दर मंगळवारी ऑफिस सुटलं की मी पिंक लाइन पकडतो आणि शिकागोच्या पिल्सन भागात अठराव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरतो. जिन्यापासून फलाटापर्यंत भिंतीभर चित्रं. वस्तीला नाव दिलं झेक लोकांनी, पण कित्येक दशकं ती मेक्सिकन लोकांची; आता भाडी वाढत चालल्यामुळे तीही पांगतेय. इथल्या एका चर्चच्या तळघरात मी पाचवी-सहावीच्या पोरांना दोन तास गणित शिकवतो. स्पॅनिश ‘ग्रासियास’च्या पलीकडे फारसं येत नाही. गणिताला कुठे भाषा लागते, असं वाटायचं.

ऑक्टोबरात एका पोरानं वही पुढे केली. 952 भागिले 28. उत्तर 34, बरोबर. पण खाली नुसतं 112 आणि शून्य. 84 कुठेच नाही. मी म्हटलं, "फोनवर केलंस ना?" त्याचे कान लाल झाले. बोलला काहीच नाही, खोडरबर घेऊन सगळं पुसून टाकलं.

पुढच्या मंगळवारी त्याची आई आली, कामावरून थेट, अंगात अजून एप्रन. मला ‘मायेस्त्रो’ म्हणाली. मेक्सिकोत शाळेतल्या शिक्षकाला असंच म्हणतात, म्हणजे आपले मास्तरच. तिनं पर्समधली दुकानाची पावती काढली, उलटी केली आणि तेच गणित मांडलं. तोंडानं चालू होतं, "त्रेस पोर ओचो, बेंतिक्वात्रो. आ बेंतिसिंको, उनो. इ येवामोस दोस."

पोरगा खालमानेनं सांगत होता, "तीन आठे चोवीस. पंचवीसला एक कमी. हातात दोन." मग तीन दुणे सहा, हातचे दोन मिळवून आठ, नऊला एक कमी. बाकी 11. वरचा 2 खाली घेतला, 112. गुणाकार आणि वजाबाकी दोन्ही एकदम, तोंडी. कागदावर फक्त बाकी. तिकडे शाळेत असंच शिकवतात. पोरगा घरी आईकडून शिकला होता, आणि मी त्याला चोर ठरवून मोकळा झालो होतो.

सॉरी म्हणालो, दोघांनाही. मग तिच्या हातातलं पेन घेऊन आमच्या साताऱ्याच्या शाळेतला भागाकार काढून दाखवला: डावीकडे भाजक, मध्ये भाज्य, उत्तर उजव्या कंसाबाहेर. पोरगा एकदम खुलला. "उत्तर बाजूला? ते तर डोक्यावर असतं!" आई पावती हातात धरून हसत सुटली. ‘येवामोस दोस’ला आम्ही ‘हातचे दोन’ म्हणतो, हे सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. ‘च’ छान जमला तिला.

जाताना पोरानं इंग्रजीत विचारलं, "पेपरात कोणतं लिहू?"

मी म्हणालो, "शाळेत बाईंनी शिकवलंय तेच. पायऱ्यांचे मार्क असतात."

आईनं काय म्हणाले म्हणून विचारलं. "नादा," तो म्हणाला. काही नाही.