विझलेला गुणफलक आणि २३ दिवसांची वाट : माझा अनुभव

माझ्या जुन्या पिनबॉल यंत्राच्या गुणफलकाच्या ज्या काचेसाठी मी २३ दिवस थांबलो, ती काच मला शेवटी लागलीच नाही. तरीही त्या थांबण्याविषयीचा राग अजून ओसरलेला नाही, आणि ज्यांच्याकडे असे जुने यंत्र असेल त्यांचा तरी तेवढा काळ वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

माझे पिनबॉल यंत्र १९७९ साली शिकागोत बनलेले आहे. वडिलांनी नागपुरातील सदरमधील त्यांच्या खेळघरासाठी ते जुनेच विकत घेतले होते आणि खेळघर बंद झाल्यावर ते महालातील आमच्या घराच्या माडीवर आले. त्याच्या उभ्या पेटीत आकड्यांचे पाच फलक आहेत. चार खेळाडूंच्या गुणांचे चार आणि शिल्लक डावांचा एक. प्रत्येक फलकावर निऑन वायूने भरलेली चपटी काच असते आणि तिच्यात सहा नारिंगी आकडे उजळतात. एप्रिलच्या अखेरीस तिसऱ्या खेळाडूचा फलक लुकलुकू लागला आणि दोन दिवसांत पूर्ण विझला.

पाचही फलक एकसारखे असल्यामुळे पहिली परीक्षा सोपी होती. यंत्र बंद करून तिसरा फलक पहिल्याच्या जागी आणि पहिला तिसऱ्याच्या जागी लावला. अंधार तिसऱ्या फलकाबरोबर गेला, म्हणजे दोष मुख्य बोर्डात किंवा केबलीत नसून त्या फलकातच होता. इथपर्यंत मी नीट वागलो. पुढे मात्र काचेची कड काळवंडलेली पाहून काचच संपली असे मी ठरवून टाकले आणि मल्टिमीटर हाती न घेता अमेरिकेतील एका विक्रेत्याकडे नवी काच मागवली.

पार्सल मुंबईत आठवडाभरात पोहोचले आणि तिथेच अडले. कुरिअर कंपनीच्या येथील कार्यालयातून कागदपत्रे मागवण्यात आली, आणि ते कार्यालय अमरावती मार्गावर, वाडीच्या गोदामांमध्ये. मे महिन्याच्या उन्हात महालातून वाडीला मी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी आधार, पॅन आणि बिल दिले. दुसऱ्या वेळी समजले की बिलावर ‘डिस्प्ले’ एवढाच शब्द असल्यामुळे कुणीतरी ती वस्तू मोबाइलची काच म्हणून नोंदवली आहे आणि तिचे मॉडेल कळल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही. मी तिथेच, टेबलाच्या कडेला उभा राहून, हा पिनबॉल यंत्राचा सुटा भाग आहे असे हाताने लिहून दिले. तिसऱ्या वेळी खिडकीवरील तरुणाने विचारले, “काका, हे जुगाराचं मशीन आहे का? तसं असेल तर वेगळी परवानगी लागेल.” कोणती परवानगी, कुणाची आणि कोणत्या नमुन्यात, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते आणि ज्यांच्याकडे होते ते साहेब रजेवर होते.

हा प्रश्न मला फार लागला. वडिलांनाही लोक हेच विचारीत असत आणि ते दरवेळी शांतपणे, यंत्राचे झाकण उघडून, आत पैसे देणारा कुठलाही भाग नाही हे दाखवीत. घरी येऊन मी दोन पानांचे पत्र लिहिले. त्यातील मुद्दे असे. चेंडूला खालून परतवणारे फ्लिपर १९४७ साली आले तेव्हापासून चेंडू खेळणाऱ्याच्या हातात आहे. न्यूयॉर्क शहराने १९४२ पासून या खेळावर घातलेली बंदी १९७६ साली उठवली, आणि त्याआधी तेथील नगर परिषदेसमोर प्रत्यक्ष खेळून हा कौशल्याचा खेळ असल्याचे दाखवण्यात आले होते. शिवाय माझे यंत्र घरात आहे आणि त्यातून एक पैसाही बाहेर पडत नाही. जोडीला यंत्राची चार छायाचित्रे लावली. ते पत्र कुणी वाचले की नाही हे मला आजतागायत कळलेले नाही. चौथ्या खेपेला फक्त पोच मिळाली आणि नंतर दहा दिवस काहीच नाही. सुटे भाग मागवणाऱ्यांनी विक्रेत्याकडून बिलावरच वस्तूचे पूर्ण वर्णन, कोणत्या यंत्राचा भाग आणि वापर घरगुती असल्याचा उल्लेख लिहून घ्यावा. हे एक वाक्य बिलावर असते तर माझ्या निदान दोन खेपा वाचल्या असत्या.

त्या दहा दिवसांत हात रिकामे होते म्हणून फलक पुन्हा टेबलावर घेतला, आणि जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. या फलकांना काच पेटवण्यासाठी सुमारे १९० व्होल्टचा सरळ प्रवाह आणि तर्काच्या (लॉजिक) चिपसाठी ५ व्होल्ट लागतात. १९० व्होल्ट जीवघेणे असतात आणि यंत्र बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात, म्हणून मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा आणि बंद केल्यावरही मीटरने शून्य पाहिल्याशिवाय कशाला हात लावू नये. फलक जोडून मोजले तेव्हा पिनेच्या टोकाला १९० व्होल्ट होते, मात्र त्याच पिनेपासून निघणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर काहीच नव्हते. भिंगाखाली पाहिले तर पिनेभोवतीच्या डाखाला केसाएवढी गोल चीर गेलेली होती. चाळीस वर्षांचे हादरे, कनेक्टरची ओढाताण आणि आमच्या माडीचे उन्हाळे. जोड सुटणारच होता.

जुना डाख पंपाने पूर्ण ओढून काढला आणि सगळ्याच पिनांना नवा दिला. जुन्यावर नुसता थेंब वाढवला तर चीर आतच राहते. फलक उजळला, त्या क्षणी माडीवर मी एकटाच होतो तरी मोठ्याने वडिलांना हाक मारली. काच उत्तम होती.

फक्त उजवीकडून तिसरा आकडा अंधारात राहिला. मुख्य बोर्ड सहा आकडे एकामागून एक इतक्या वेगाने पेटवतो की डोळ्याला सगळे एकत्र दिसतात. म्हणून पाचही फलकांवर तोच आकडा गेला तर दोष बोर्डाकडे शोधावा आणि एकाच फलकावर गेला तर त्या आकड्याच्या ट्रान्झिस्टरकडे व रेझिस्टरकडे पाहावे. सहाही आकड्यांची एकच रेघ गेली असेल, तर आकड्याच्या कोणत्या रेघा पेटवायच्या हे ठरवणारी ४५४३ ही चिप किंवा त्या रेघेचा ट्रान्झिस्टर तपासावा. माझा १०० किलोओहमचा रेझिस्टर तुटलेला निघाला. सीताबर्डीत काही रुपयांत सहा मिळाले. मूळ पाव वॅटचे होते, मी अर्ध्या वॅटचे घातले आणि सहाही बदलले. त्यानंतर वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने हळूहळू फिरवून १९० चे १७५ व्होल्ट केले. आकडे तितकेच ठळक दिसतात आणि कमी व्होल्टेजवर काच अधिक वर्षे टिकते.

२३ व्या दिवशी पार्सल घरी आले. काच तपासली, ती चांगली आहे, आणि आता माझ्याकडे एक जादा आहे.

फलक अदलाबदल करण्याविषयी एक गोष्ट वर लिहायची राहिली. कनेक्टर लावताना तो एका पिनेने सरकला तर १९० व्होल्ट थेट ४५४३ मध्ये जातात आणि ती चिप तत्काळ जळते. म्हणून काढण्यापूर्वी कनेक्टरच्या आणि फलकाच्या एकाच टोकाला रंगाचा ठिपका द्यावा, आणि वीज चालू करण्यापूर्वी ते दोन्ही ठिपके बॅटरीच्या उजेडात जुळवून पाहावेत.