दाखल्यावर कुठलं नाव

रायगडात कातकरी वाड्यांवर काम करायचं म्हणजे निम्मा वेळ कागदातच जातो. आधार, रेशनकार्ड, जॉबकार्ड, आणि सगळ्यात जास्त रडवणारा तो जातीचा दाखला. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आता मला सांगा, दिवाळी झाली की अख्खं घर उचलून वीटभट्टीवर जाणारी माणसं, आज्याने शाळेचं तोंड बघितलेलं नाही, ती पन्नास सालाआधीचा शाळेचा उतारा आणणार कुठून? मग तलाठ्याची गृहचौकशी, पोलीस पाटलाचा जबाब, आणि नशीब असेल तर जुन्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूची एखादी नोंद.

तर या वर्षी दाखल्यांचं शिबिर होतं, एका गावच्या शाळेत. एक मुलगी आलेली, बारावी झालेली, नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचंय. सोबत तिचे आजोबा. तिच्या घरच्यांचं नशीब खरंच जोरावर होतं, कोतवाल बुकात पणजोबांच्या घरातली जन्माची नोंद सापडलेली. मोडीतली नक्कल, खाली मोडीवाचकाने देवनागरीत करून दिलेली, शिक्का मारलेला. मुलाचं नाव आहे, बापाचं नाव आहे, आडनाव नाहीच, आणि जातीच्या रकान्यात 'ढोर काथोडी'.

ऑपरेटर भाऊ ते जसंच्या तसं टाईप करायला लागले. मुलगी मागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती, ती एकदम म्हणाली, "ते पहिलं नका लिहू."

थांबून सांगते, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. जुन्या सरकारी नोंदींत कातकऱ्यांचे दोन भाग पाडलेले, सोन आणि ढोर. ढोर म्हणजे जे गोमांस खायचे ते. म्हणजे कोणाच्या ताटात काय होतं ते दुसऱ्याच कोणीतरी बघितलं, नावाला जोडलं, आणि ते उचलून थेट अनुसूचित जमातींच्या यादीत गेलं. आजही यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी अशी नावं एकाच नोंदीखाली सलग दिलेली आहेत.

आजोबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, "कायपन लिवा पन कागद द्या." भट्टीवर मुकादम त्यांना काय काय नावाने हाक मारतो ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही. त्यांना आज दाखला घेऊन घरी जायचं होतं, दोनदा हेलपाटा घातलेला, त्यांची घाई मला पूर्ण समजत होती. पण पोरगी ऐकेना. म्हणाली, "आजा, तू कागद पिशवीत ठेवशील, मला तो कॉलेजात सगळ्यांसमोर द्यायचाय."

क्लार्कसाहेब म्हणाले पुराव्यात आहे तेच लिहावं लागतं, नाहीतर पुढे पडताळणीत अडकेल. ही भीती उगाच नव्हती. यादीत बदल फक्त संसदेने करायचा, कलम ३४२ तसं सांगतं, आणि २००० साली सुप्रीम कोर्टाने हलबा-कोष्टी प्रकरणात, म्हणजे कोष्टी लोकांना हलबा जमातीत धरायचं का या वादात, स्पष्ट म्हटलंय की यादी जशी आहे तशीच वाचायची. आपण इथे बसून 'ढोर' शब्द यादीतून काढू शकत नाही. पण आम्हाला काढायचा नव्हताच ना! त्याच नोंदीत 'कातकरी' हे नावसुद्धा आहे. माझ्या फाईलमध्ये यादीची झेरॉक्स असते, ती नायब तहसीलदार मॅडमना दाखवली. त्यांनी नीट वाचली, मुलीला विचारलं, "तुम्ही घरात स्वतःला काय म्हणता?" ती म्हणाली कातकरी. आजोबापण म्हणाले, "आमी कातकरीच."

मला हा प्रश्न फार आवडला, कारण इतक्या वर्षांत एखाद्या अधिकाऱ्याने तो विचारलेला मी क्वचितच ऐकलाय. कातकरी हे नावही तसं धंद्यावरूनच पडलेलं, खैराचा कात काढणारे म्हणून. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैर तोडायची मोकळीक गेली, कात गेला, लोक कोळशाच्या भट्टीवर आणि मग वीटभट्टीवर गेले, पण हे नाव त्यांनी आपलं मानलंय. 'कातोडी', म्हणजे यादीतलं 'काथोडी'च, मात्र इथे बाजारात शिवीसारखं वापरतात. मुळात दोन्हींत कातच आहे, पण ऐकणाऱ्याला एक लागतं, एक लागत नाही, आणि कुठलं लागतं हे आपण बाहेरच्यांनी ठरवायचं नसतं.

मॅडमनी पुराव्याच्या तपशिलात मूळ नोंद तशीच ठेवायला सांगितली आणि जमातीच्या रकान्यात कातकरी. प्रस्ताव प्रांतसाहेबांकडे गेला.

हे चालू असताना माईकवरून एक जण ओरडत होता, "कातोड्यांनी डावीकडच्या लायनीत बसा." मी जाऊन सांगितलं दादा, वाडीच्या नावाने बोलवा. त्याने लगेच तसं केलं, त्याच्या मनात खोट नव्हती, फक्त आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

निघताना मुलीने भिंतीवरच्या बॅनरकडे बोट दाखवलं. 'आदिम जमात लाभार्थी शिबिर'. "ताई, आदिम म्हणजे ते पुस्तकातले गुहेतले लोक ना?" आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती 'आदिम जमाती' म्हणून केंद्राच्या वेगळ्या यादीत येतात. केंद्राच्या इंग्रजी नावात पूर्वी 'प्रिमिटिव्ह' होतं, २००६ मध्ये ते काढून 'विशेष असुरक्षित' अशा अर्थाचं नाव आणलं. मराठी बॅनरवर आणि पेपरात अजून आदिमच चाललंय. आणि 'आदिवासी' या शब्दासाठी तर आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा संविधान सभेत किती भांडले, तरी कायद्यात 'अनुसूचित जमाती'च आलं. आमच्या वाड्यांवरची पोरं मात्र टी-शर्टवर, गाडीच्या नंबरप्लेटवर अभिमानाने आदिवासी लिहितात.

दाखला आलाय, कातकरी लिहून आलाय. पडताळणी बाकी आहे, तिथे यादीची झेरॉक्स आणि कोतवाल बुकाची नक्कल दोन्ही जोडलीत. पुढचं शिबिर लोक भट्टीवर जायच्या आत घ्यायचंय, आणि बॅनरचा मजकूर आधी वाडीतल्या पोरांना दाखवायचा, त्यांनी हो म्हटलं तरच छापायला द्यायचा असं ऑफिसात सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय.