आबांचा एक एकर आणि ४२ इंची राइड-ऑन

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं शेती अवजारांचं दुकान आहे. मुख्य धंदा ब्रश कटर, पॉवर टिलर, फवारणी पंपांचा, पण पन्हाळा रोड, कळंबा, पाचगाव बाजूला बंगले आणि फार्महाऊस एवढे वाढलेत की लॉन मोवरची चौकशी आता रोजचीच झालीय. चौकशीला येणारा माणूस आधी प्लॉट किती ते सांगतो. लॉन किती ते कुणी मोजलेलंच नसतं.

मे संपत आला होता, वळवाचे दोन-चार दणके बसून गेले होते, तेव्हा पन्हाळा रोडवरनं एका आबांचा फोन आला. एक एकर लॉन हाय, ४२ इंची बसून चालवायचं मशीन पायजे, पैशाचं बोलू नको, पोरगं देतंय. पोरगं अमेरिकेत, त्याच्या घरी तसलं मशीन आहे, आबा तिकडं जाऊन आले तेव्हा त्यावर बसून त्यांनी स्वतः लॉन कापलेलं. असली बसून चालवायची मोवर, म्हणजे राइड-ऑन, लाखांतला सौदा, असं गिऱ्हाईक काय रोज येत नाही, पण जागा बघितल्याशिवाय मी मोठं मशीन कुणाला देत नाही. टेप, पाणसळ आणि १ मीटरची फळी घेतली आणि गेलो.

आबांचा एकर खरा होता, पक्के ४० गुंठे. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांच्याकडं बाग बघणारे मामा आले आणि आम्ही तुकडा तुकडा मोजत सुटलो. घर आणि पार्किंग ६ गुंठे, आंबा-चिक्कूची बाग १४, गाडीरस्ता ३, भाजीपाला ४. राहिलं लॉन १३ गुंठे, तेही तीन तुकड्यांत. पुढं ७ गुंठे सपाट, बाजूला ३ गुंठ्यांची पट्टी आणि मागं ३ गुंठे. आबा व्हरांड्यातनं बघत होते, आकडा सांगितला तर म्हणाले, परत मोज. परत मोजलं, तेवढंच आलं.

मग त्यांच्या शेजारी बसून कागदावर हिशोब मांडला, कारण हा हिशोब गिऱ्हाइकाच्या समोरच व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. माणूस मोवरमागं साधारण ताशी ३ किलोमीटरनं चालतो, म्हणजे तासाला ९,८०० फुटांच्या आसपास. २१ इंची मशीन म्हणजे एका फेरीत पावणेदोन फूट पट्टा कापणारं. गुणाकार १७ हजार स्क्वेअर फूट येतो, पण पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, वळायचं असतं, गवताची बॅग रिकामी करायची असते, त्यात पाव भाग जातो. राहिलं १३ हजार, म्हणजे तासाला १२ गुंठे धरा. ४२ इंची राइड-ऑन ताशी ५ किलोमीटरनं पळवली तर तेवढी सूट धरूनही तासाला जवळजवळ एकर कापते. पोराकडं ती शोभते कारण तिकडं घराभोवती अर्धा-एक एकर सलग लॉन असणारे बरेच असतात, म्हणून ४२ इंची डेक, म्हणजे पात्यांवरचा पत्र्याचा सांगाडा, तिकडं सर्रास दिसतो. आबांच्या १३ गुंठ्यांत ती नीट सुरू होईपर्यंत काम संपलेलं असणार.

शिवाय बाजूच्या पट्टीत जायचं फाटक ३ फुटांचं, म्हणजे ३६ इंच. त्यातनं ४२ इंची डेक जातच नाही, आणि कापलेलं गवत फेकायचं तोंड बाजूला असतं त्याची रुंदी वेगळीच.

पण माझा जीव अडकला तो मागच्या तुकड्यात. घराच्या जोत्यापासून तो तुकडा ओढ्याकडं उतरतो आणि शेवटी दगडी ताल, म्हणजे बांध, आहे, तिच्याखाली सरळ पुरुषभर खोल. फळीचं एक टोक उतारावर टेकवलं, पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणला आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजली. ३४ सेंटीमीटर. २७ भरलं की १५ डिग्री होतात, आणि बहुतेक राइड-ऑनच्या पुस्तकात १५ डिग्रीच्या वर चालवू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. इथं जवळजवळ १९ डिग्री होते. वर वळवाचं ओलं गवत, बुटाखाली मलाच सरकत होतं.

मी आबांना हाताला धरून तिथवर आणलं आणि सांगितलं, आबा, ह्या जागेसाठी मी तुम्हाला बसायचं मशीन देणार नाही.

ते तापलेच. "आरं लेका, उसानं भरलेली ट्रॉली घाटातनं उतरवलीय मी, तू मला चढ-उतार शिकवतोस व्हय?"

त्यांचं खरंच होतं, त्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला आहे. पण ट्रॅक्टरच्या टायरला उभे दात असतात, ते मातीत रुततात आणि धरतात. मोवरचं टायर लॉन उखडू नये म्हणून मुद्दामच रुंद आणि उथळ नक्षीचं केलेलं असतं. ओल्या उतारावर ते एकदा घसरायला लागलं की ब्रेक दाबून उपयोग नाही, चाक थांबतं आणि मशीन जातच राहतं, दोन-अडीचशे किलोचं धूड आणि खाली फिरतं पातं. हे सगळं त्यांना तालीच्या काठावर उभं राहून सांगितलं. ते बराच वेळ खाली ओढ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "मग माझ्या मिनी ट्रॅक्टरला मागं स्लॅशर जोडून दे."

स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं गवत छाटायचं अवजार. ह्यावर मामाच बोलले. मागच्या पावसाळ्यात त्याच ट्रॅक्टरनं पुढच्या लॉनवरनं शेणखताची ट्रॉली नेलेली. मी त्या ठिकाणी जाऊन स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसला, चाकाच्या पट्ट्यात दोन बोटं गेला आणि अडला, बाजूला मुठीपर्यंत गेला. पट्ट्यातलं गवत अजून पिवळं. १५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर म्हटला तरी पाऊण टनाच्या घरात वजन, काळ्या मातीत ओल असताना तो दाबून माती विटेसारखी करतो, मग मुळं खाली जात नाहीत आणि पाणी वर तुंबतं.

मग आबांनी खरं कारण सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मशीनमागं चालणं आता जमत नाही, आणि दिवसभर नुसतं खुर्चीत बसून राहायला जीव घेत नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. एवढा वेळ मी गवताचा हिशोब करत होतो आणि ह्या माणसाला हाताला काम पाहिजे होतं.

पोराला व्हिडिओ कॉल लावला. त्याला मागचा उतार दाखवला, ताल दाखवली, फाटकाला टेप लावून दाखवली. पोरगं लगेच म्हणालं, आबा, मागं मशीन न्यायचंच नाही. शेवटी असं ठरलं. आत्ता २१ इंची सेल्फ-प्रोपेल्ड घ्यायची, मामांसाठी. ती आपली आपण पुढं ओढते, मामांनी फक्त वळवायची, सपाट १० गुंठ्यांना जेमतेम तासभर. पावसाळ्यात आठवड्याला कापायचं, कारण एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं की गवत पिवळं पडतं, आणि इथं जुलैत गवत थांबत नाही. मागच्या उतारावरचं लॉनच काढायचं आणि आडव्या ओळीत वाळा लावायचा, मातीही धरेल आणि कापायचं कामही राहणार नाही. आणि आबांसाठी दिवाळीनंतर जमीन टणक झाली की ३० इंची छोटी राइड-ऑन बघायची, ती त्या फाटकातनं जाते, फक्त तिचा बेल्ट आणि पातं बाहेरनं मागवावं लागतं हे मी आत्ताच सांगून ठेवलं. पुढच्या ७ गुंठ्यांना ती थोडी मोठीच होते, पण त्यांच्या गुडघ्यासाठी मला ती बरोबर वाटते.

त्याच संध्याकाळी दुकानात एक मंगल कार्यालयवाले आले, लॉन सलग दोन एकर, एकदम सपाट, आणि त्यांना १४ इंची इलेक्ट्रिक पाहिजे होतं, स्वस्त पडतं म्हणून. वायर ओढत दोन एकर! त्यांना मी राइड-ऑनच सांगितली.

आबांचं मशीन कर्नाटकी बेंदराच्या, म्हणजे ज्येष्ठातल्या बैलांच्या सणाच्या, आत पोच केलं. मामांनी टाकीचं झाकण उघडलं आणि पहिलं विचारलं, पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळू? त्यांचा हात टू-स्ट्रोक ब्रश कटरवर बसलेला, त्यात मिसळावंच लागतं. हे फोर-स्ट्रोक, ह्यात पेट्रोल नुसतं आणि ऑइल इंजिनात वेगळं, मापाची पट्टी काढून बघायचं, पहिल्यांदा ५ तासांनी बदलायचं, मग दर ५० तासांनी. दोन वेगळे कॅन केले, ब्रश कटरच्या कॅनला लाल टेप गुंडाळली, आणि मामांनी माझ्यासमोर पुढच्या लॉनचे दोन पट्टे मारून दाखवले तेव्हाच मी निघालो.