त्याला आत का घेतलं?

डॅलसच्या उपनगरातल्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर अमेरिकन फुटबॉल संघातल्या डिफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेतल्या, मुलांचा सराव घेतो. टेक्सासमध्ये शाळेचे कोच बहुतेक असेच, वर्गावर जाणारे मास्तर असतात. मराठी घरांतली मुलंही आता मैदानावर दिसतात आणि त्यांच्या आईवडिलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, आमचा मुलगा टोकाला, एंडला छान खेळत होता. त्याला मधे, टॅकलला का आणलं? त्याचं काही चुकलं का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

काही चुकलेलं नसतं. बाहेरच्या मुलाला आत घेतो तेव्हा मला त्याच्यात असं काहीतरी दिसलेलं असतं, जे बाहेर वाया जातंय.

आधी मैदान डोळ्यांसमोर आणा. चेंडूवर समोरच्या संघाचा सेंटर वाकलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे ऑफेन्सिव्ह टॅकल. समोर आमची चार मुलं. टोकाची दोन म्हणजे डिफेन्सिव्ह एंड, मधली दोन डिफेन्सिव्ह टॅकल. एंडच्या एका बाजूला मोकळं मैदान असतं. त्याचा सामना बहुधा एकाशी, धावायला जागा, आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे सेंटरच्या मागे उभा राहून चेंडू फेकणाऱ्याला, पाडलं की स्टँडमधून नावाचा पुकारा. टॅकलच्या दोन्ही बाजूंना माणसं. गर्दीत तो कुठे आहे, हे आईवडिलांना दुर्बिणीतूनही सापडत नाही. म्हणून त्यांना वाटतं, मुलाला मागे सारलं.

पण क्वार्टरबॅकपर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता मधूनच जातो. एंडला ऑफेन्सिव्ह टॅकलला वळसा घालून जावं लागतं, आणि तो येताना दिसला की चांगला क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकतो. एंड मागून निघून जातो. ही पुढची जागा फक्त आतला माणूस बंद करू शकतो. ३ फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्या मोसमात तोवर एकही सामना हरले नव्हते. न्यूयॉर्क जायंट्सनी, समोरचे चेंडू फेकणार असं दिसलं की, मायकेल स्ट्रेहन आणि ओसी उमेनयोरा या एंडना बाहेर ठेवलं आणि तिसरा एंड, जस्टिन टक, आत गार्डसमोर आणून उभा केला. गार्डला एवढ्या चपळ माणसाची सवय नसते. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी त्या दिवशी पाच वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, त्यातले दोन सॅक टकचे. जायंट्स १७-१४ ने जिंकले.

ही युक्ती त्याहून जुनी आहे. जिमी जॉन्सन मायामी विद्यापीठात कोच असताना सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूला, लाइनबॅकर (लाइनच्या लगेच मागे उभा राहणारा) करायचे, लाइनबॅकरला एंड आणि एंडला टॅकल. प्रत्येक जागी समोरच्यापेक्षा वेगवान माणूस असावा, एवढाच हिशोब. पुढे त्याच विचारावर त्यांनी डॅलस काउबॉइजना १९९२ आणि १९९३ अशा लागोपाठ दोन मोसमांत सुपर बोल जिंकून दिला. आमच्या शेजारच्या ग्रेपव्हाइनचा हेन्री मेल्टन टेक्सास विद्यापीठात गेला तेव्हा चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक होता. तिथे त्याचा एंड झाला. शिकागो बेअर्सनी २००९ मध्ये त्याला एंड म्हणून घेतलं आणि मग आत आणलं. २०१२ च्या मोसमात तो टॅकल म्हणून प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला.

आता कुणाला आत घ्यायचं, हा खरा प्रश्न. वजनकाट्यावर मोठा आकडा दिसला की मुलाला आत ढकलायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. मी पहिली तीन पावलं बघतो. चाळीस यार्डांच्या शर्यतीत मागे पडणारी, पण पहिल्या पाच यार्डांत सगळ्यांच्या पुढे असणारी मुलं असतात. ती आतली मुलं. दुसरं, वळण. उत्तम एंड पूर्ण वेगात असताना घोटा आणि कंबर वाकवून, जवळजवळ जमिनीला टेकत ऑफेन्सिव्ह टॅकलच्या बगलेखालून वळतो. हे ज्याला उपजत जमतं, त्याला मी बाहेरून हलवत नाही, मग तो कितीही जाड होवो. ज्याची कंबर ताठ राहते तो दर वेळी क्वार्टरबॅकच्या मागून लांब फिरतो. त्याचा वेग सरळ रेषेतला आहे. त्याला सरळ रस्ता द्यायला हवा.

आणि आत आल्यावर त्याला जवळजवळ नव्याने खेळ शिकावा लागतो. मुलाची खरी मेहनत इथे आहे आणि घरच्यांना ती दिसत नाही.

एंडला शिकवलेलं असतं, स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला, की सुट. मागच्या मोसमात एक सोफोमोर, म्हणजे दहावीतला मुलगा, असाच आत आला. सरावात त्याच्यासमोरच्या गार्डने त्याला अडवलंच नाही, बाजूने निघून गेला. समोर मोकळी वाट पाहून पोरगा आनंदाने दोन पावलं आत घुसला, आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड सेंटरच्या मागून धावत येऊन बरोबर त्याच्या बरगडीत बसला. रनिंग बॅक त्याच मोकळ्या जागेतून निघून गेला. याला ट्रॅप म्हणतात. बाहेरून आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात हा बसतोच, कारण मोकळी जागा दिसली की पळायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. आतला नियम उलटा आहे: कुणी अडवलं नाही तर थांब, खाली बस, आतल्या बाजूला बघ, कुणीतरी येतोय. तो मुलगा उठला, मातीचे हात पँटला पुसले आणि म्हणाला, "कोच, परत." पुढच्या खेपेला त्याने एकच पाऊल टाकलं, गुडघे वाकवले आणि येणाऱ्या गार्डला आपल्या खांद्यावर घेतलं. वाट बंद. त्या क्षणी मला कळलं, हा आतलाच आहे.

मग डबल टीम. गार्ड आणि सेंटर दोघं मिळून एकावर येतात. नव्या मुलाला वाटतं दोघांना ढकलावं, मग तो ताठ उभा राहतो आणि तीन यार्ड मागे जातो. आम्ही शिकवतो की ज्याच्यासमोर उभा आहेस त्याच्याशीच भीड, दुसऱ्याचा धक्का जाणवला की त्या बाजूची कंबर खाली टाक, आणि अगदीच जमेना तर गुडघ्यावर बस, पण जागा सोडू नकोस. कुस्तीचा हंगाम इकडे हिवाळ्यात असतो. लाइनच्या मुलांना मी आग्रहाने तिकडे पाठवतो, कारण खाली राहून दुसऱ्याचं वजन पेलायला मॅटवर जितकं लवकर कळतं तितकं आमच्या सरावात कळत नाही. दोघांना अडकवून ठेवलं की मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो आणि चेंडूवाल्याला पाडल्याचं श्रेय त्याच्या नावावर लागतं. आमच्या मुलाच्या नावापुढे त्या खेळीचं काहीही लिहिलं जात नाही. म्हणून आईवडिलांना माझी विनंती असते: सॅक मोजू नका. सामन्याची फिल्म लावा आणि तुमच्या मुलाच्या मागचा लाइनबॅकर किती वेळा कुणाचाही हात न लागता चेंडूपर्यंत पोचला, ते बघा.

वजनाबद्दल आया काळजीने विचारतात, "आता याला किती खायला घालू?" भूक लागेल तितकं. मुद्दाम चरबी चढवू नका. एरन डोनाल्डचं वजन २८० पौंड, म्हणजे साधारण १२७ किलो, उंची सहा फूट एक इंच. व्यावसायिक टॅकलमध्ये हा लहानखुरा माणूस, तरी तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि १११ सॅक करून २०२४ मध्ये निवृत्त झाला. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर घाईघाईने चढवलेले तीस पौंड त्याची तीच तीन पावलं खातात, ज्यांच्यासाठी आपण त्याला आत आणलं. आणि इथला ऑगस्ट जीवघेणा आहे. मिनेसोटा व्हायकिंग्जचा लाइनमन कोरी स्ट्रिंगर, ३०० पौंडांहून कितीतरी जड, सरावातल्या उष्माघाताने १ ऑगस्ट २००१ रोजी गेला. तेव्हापासून लाइनवरच्या जड मुलांकडे उन्हात जास्त लक्ष द्यायला सगळेच शिकले. माझा कुठलाही मुलगा पाण्यासाठी परवानगी मागत नाही, त्याने सरळ जाऊन प्यायचं.

डोक्याच्या माराबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण तुम्ही आडून आडून तेच विचारत असता. आत मोठ्या धडका कमी, पण छोट्या धडका जवळजवळ प्रत्येक खेळीत. ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवणारा कोच माझ्या मते मुलांजवळ असू नये. म्हणून आम्ही हात आधी शिकवतो: स्नॅपबरोबर दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, अंगठे वर, डोकं मागे. जो मुलगा हात विसरून हेल्मेट पुढे घालतो, तो त्या दिवशी बाकावर बसतो, मग सामना कितीही अटीतटीचा असो. त्याच्या बाबांनी मला फोन केला तरी.

हा बदल मी भर मोसमात सहसा करत नाही. मे महिन्यातल्या सरावात करतो, म्हणजे चुका करायला पूर्ण उन्हाळा मिळतो. आधी मुलाशी बोलतो, नंतर घरच्यांशी. ऑगस्टमध्ये फिल्म तिघांनी मिळून बघायची. त्यात तो बाहेरच जास्त उपयोगी दिसला आणि त्याचं मनही तिकडेच असलं, तर तो एंडला परत जातो. तशी मुलंही आहेत. तेव्हा स्टँडखाली उभं राहून घाईत विचारण्यापेक्षा सोमवारी शाळा सुटल्यावर या. फिल्म लावून ठेवतो.