प्लॅनर ग्रुप बदलला, तरी ऑर्डर जुन्याच माणसाकडे का जाते?

एसएपी या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्लँट मेंटेनन्स (देखभाल) भागात प्लॅनर ग्रुप म्हणजे देखभालीचं नियोजन करणाऱ्या गटाचा जेमतेम तीन अक्षरांचा कोड, पण काम कोणाच्या यादीत दिसणार हे बहुतेक ठिकाणी त्यावरूनच ठरतं. तो कस्टमायझिंगमध्ये (सिस्टमच्या सेटिंगमध्ये) प्लॅनिंग प्लँटनुसार, म्हणजे देखभालीचं नियोजन जिथे होतं त्या प्लँटनुसार, तयार होतो. वर्णनात माणसाचं नाव टाकू नका. बदली झाली की ते खोटं ठरतं. ‘बॉयलर मेकॅनिकल’ अशी जबाबदारी लिहा. हातात पाना घेणारी टीम मेन वर्क सेंटर या वेगळ्या रकान्यात; ती इथे कोंबू नका.

कोड शक्यतो फंक्शनल लोकेशनवरच (यंत्र बसवलेल्या जागेच्या नोंदीवर) भरा, तिथून तो खालच्या इक्विपमेंटला (प्रत्यक्ष यंत्राला) मिळतो. इक्विपमेंटवर थेट भरलात, की वरचा बदल तिथे उतरत नाही.

खरा घोळ पुढे आहे. पंपाचा कोड आयई०२मध्ये (इक्विपमेंट बदलायच्या स्क्रीनच्या कोडमध्ये) बदलला, तरी मेंटेनन्स आयटममध्ये (ठरावीक काळाने करायच्या देखभालीच्या नोंदीत) जुनाच राहतो आणि पुढची प्रिव्हेंटिव्ह ऑर्डर जुन्याच प्लॅनरकडे जाते. म्हणून आयटम आयपी०५मध्ये बदला. आधीच तयार झालेल्या ऑर्डरीही आपोआप बदलत नाहीत. त्या आयडब्ल्यू३८मधून जुन्या कोडवर शोधून दुरुस्त करा. नोटिफिकेशनसाठी (बिघाड किंवा काम कळवणाऱ्या नोंदींसाठी) आयडब्ल्यू२८. कोड रिकामा असलेल्या नोटिफिकेशनही तिथेच दर आठवड्याला बघा, कारण त्या कोणाच्याच यादीत नसतात.