आबांची चंची

वारीला निघताना आईनं आबांची पानसुपारीची चंची माझ्या पिशवीत टाकली. "यंदा तू ने," एवढंच म्हणाली. आबा माघात गेले, ९२ वर्षांचे होऊन. दिंडी त्यांचीच. आळंदीत विणेकरीबुवा भिशीची, म्हणजे दिंडीतल्या जेवणाच्या वर्गणीची, पावती फाडत होते. आजोबांचं नाव सांगितलं, तसा त्यांचा हात थांबला.

पुण्याचे दोन दिवस गर्दीत गेले. आठवते ती टँकरपुढची रांग आणि रात्रभर तंबूबाहेर ओरडणारा कर्णा.

हडपसर सोडल्यावर डाव्या टाचेला फोड आला. वडकीच्या विसाव्याला पोचेपर्यंत टाच भुईला टेकवेना. समोर दिवे घाट. टाळांचा आवाजही नकोसा झाला होता. "चला माउली, चला," असं कुणीतरी मायेनं म्हणालं, त्याचाही राग आला. मग त्या रागाची लाज वाटली आणि बांधावर बसून रडले.

शेजारी परभणीकडचे एक म्हातारे वारकरी भाकरी खात होते. हात धुऊन म्हणाले, "पाय द्या इकडं, माय."

मी पाय आखडून घेतला. आबांच्या वयाच्या माणसाच्या मांडीवर पाय कसा ठेवू?

"वारीत कुणाचा पाय न् कुणाचा हात! सुई हाय का?"

तेव्हा चंची आठवली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, आणि शेवटच्या कप्प्यात काडेपेटी. काडेपेटीत सुई होती, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला पिवळा दोरा होता. मला वाटलं, जुना होऊन पिवळा पडला असेल. त्या म्हाताऱ्या बाबांनी नाकाशी धरला. "हळदीत घोळलाय. कुणाची चंची?"

"आजोबांची."

"एवढा दोरा सवताच्या पायासाठी कुणी बाळगत न्हाई."

त्यांनी काडी ओढून सुई तापवली, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढली. दोरा आतच ठेवला आणि त्याची दोन्ही टोकं अडकित्त्यानं कातरली. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहिलं. मी विचारलंही नाही त्यांचं गाव, नाव. चपला घालेपर्यंत ते त्यांच्या दिंडीत मिसळलेसुद्धा.

घाट कसा चढले ते आठवत नाही. आबा मात्र वाटभर आठवत होते. १९७२ च्या दुष्काळात माणमधल्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं, तिथं त्यांनी सुतकीनं खडी फोडली. वाट्याची सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून पोरांसाठी घरी आणायचे आणि स्वतः मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीवर राहायचे. पुढं आजीला घेऊन पाच उन्हाळे विहीर खणली. पाणी लागलं, तशी कर्ज फेडायची वर्षं सुरू झाली. पेरणीच्या दिवसांत शेत सोडून वारीला जाणं काही जमायचं नाही. पालखी फलटणला आली की सायकलवर यायचे, पादुकांवर डोकं ठेवायचे आणि रातोरात माघारी. साठीला आल्यावर वारी धरली ती ऐंशीपर्यंत चुकवली नाही. २०२० मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी ८८ वर्षांचे आबा खांद्यावर पताका घेऊन रोज घरापासून विहिरीपर्यंत चालत गेले आणि परत आले. एकादशीपर्यंत. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारपणाचा हट्ट आहे.

सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरास्नान. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात अश्व धावला तेव्हा मी दूर होते, धूळ तेवढी दिसली.

फलटणच्या तळावर धाकटे काका आले. दहाव्यालाच त्यांनी विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचा विषय काढला होता. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते. फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन मोटारसायकलवर आले होते. पायाला ओला चिखल तसाच. दर्शनाच्या रांगेत दोन तास उभे राहिले. तंबूत आले तेव्हा अष्टगंध कपाळावरून भुवईपर्यंत ओघळला होता.

"थांबा की रात्रभर," मी म्हणाले.

"न्हाई गं. खालच्या तुकड्याचा पेरा राहिलाय."

जाता जाता त्यांची नजर माझ्या उशाच्या चंचीवर गेली. उचलली, काडेपेटी उघडून पाहिली. दोऱ्याचं सुटलेलं टोक परत पुठ्ठ्याच्या खाचेत नीट बसवलं, चंची होती तिथं ठेवली आणि गाडीला किक मारली.